काजाचं पान

४ मार्च, सोमवार

ही डायरी ह्यांनी आणली. म्हणाले, एकतीस तारखेला तू निवृत्त होणार, मग दिवसभर माझ्या चुका काढत बसशील, त्यापेक्षा त्या लिहून ठेवत जा. मार्च उजाडेपर्यंत दुकानात पडून राहिलेली डायरी, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांची पानं कोरीच जाणार. मला कापड वाया गेलेलं बघवत नाही तसा कागदही बघवत नाही. असो.

तीस वर्षं मी शिवण शिकवते. एकच संस्था, एकच खोली. पहिला मजला, चौदा पायमशिनी, त्यांतल्या अकरा चालतात आणि तीन माझ्यासारख्या कुरकुरतात. मधे कापायचं लांब टेबल, खिडकीखाली चिंध्यांची पेटी. मुलींची मापं मला नुसत्या नजरेनं कळतात, आणि त्यांची लबाडीही. बाई, हे मीच शिवलंय, असं कोणी जास्तच ठासून सांगितलं की मी कापड उलटं करून बघते. उलट्या बाजूला सगळं दिसतं.

आज अध्यक्षबाई वर्गात आल्या. तीस तारखेला माझा निरोपसमारंभ, आणि त्या दिवसापासून माझी नमुना वही खालच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवणार. नमुना वही म्हणजे जाड कागदाची पानं, प्रत्येक पानावर कापडाचा एक तुकडा, त्यावर एकेक काम: तुरपाई, चुण्या, खिसा, रफू, काज. सगळी पानं एका नाडीनं बांधलेली. प्रत्येक मुलीनं वर्षभरात अशी वही करायची, ती जमा केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. माझ्या वहीतलं काजाचं पान तर नावाजलेलं आहे. बटणांसाठी हातानं केलेली सहा काजं, आणि कुठंही दोरा मळलेला नाही. तिशीत असताना आठवडाभर खपून केलं होतं मी ते. आता तसं होत नाही, नजर गेली.

वर्गात मी काज करून दाखवत नाही. ते पान फळ्याजवळ लावते आणि म्हणते, डोळे आहेत ना, बघा आणि करा. मुलींना वाटतं ही बाईंची पद्धत आहे.

आजपासून माझी शेवटची तुकडी. चार आठवडे, फक्त हातकाम. नऊ मुली.

६ मार्च, बुधवार

नऊंपैकी एक डाव्या हाताची निघाली. अठरा-एकोणीसची, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि तोंडाची टकळी मशीनपेक्षा जोरात. माझ्या वर्गात सुई उजव्या हातात धरायची हा नियम आहे. कात्र्या उजव्या हाताच्या, मशीनचं चाक उजवीकडे, मग डाव्या हाताचे लाड कोणी करायचे? मी तिची सुई काढून उजव्या हातात दिली. हो बाई म्हणाली.

चहाच्या सुट्टीनंतर बघते तर हिनं एक काज पुरं केलेलं. अर्थात डाव्या हातानं. टाके दाट, एका उंचीचे, आणि सगळ्यांचा कल उलटीकडे, जसा डाव्या हातानं शिवणाऱ्यांचा असतो. काज संपतं तिथं आपण एक आडवा टाका घालतो. हिनं दोन घातले होते.

विचारलं, कोणी शिकवलं? म्हणाली, आत्यानं. आत्याचं बसथांब्यामागे कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. आत्या म्हणते, एक आडवा टाका तुटला तर दुसरा असावा.

मी वर्ग अर्धा तास आधी सोडला. ऊन बाधलं असावं.

११ मार्च, सोमवार

चार तारखेला या डायरीत मी खोटं लिहिलं. स्वतःच्या डायरीत, जी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. इतकं अंगवळणी पडलं आहे. हे बाहेर गेले आहेत, दुपारचे दोन वाजलेत, आज लिहून टाकते.

काजाचं पान माझं नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी इथे तात्पुरती होते. कायम करण्याआधी तपासनीस येऊन शिक्षिकेची स्वतःची नमुना वही बघत. पहिल्या वेळी त्यांनी माझ्या काजाच्या पानावर शेरा मारला, 'हातकाम कच्चे'. बरोबरच होतं. माझ्या बोटांना घाम येतो, दोरा मळतो, टाके कुठे दाट कुठे विरळ. मशीनवर मी कोणाला हार जाणारी नाही, पण काज म्हटलं की माझी पाचावर धारण बसायची. सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्यानंतरही तेच, तर घरी. ह्यांचा कारखाना तेव्हा बंद पडला होता. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. पण लिहिलं आहे खरं.

वर्गात एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. तिला सगळ्या डावरी म्हणायच्या, ते नाव मीच पाडलेलं. मी सुई तिच्या उजव्या हातात द्यायची आणि माझी पाठ वळली की ती डाव्या हातात घ्यायची. परीक्षेच्या आठवडाभर आधी, सोमवारी संध्याकाळी, सगळ्या गेल्यावर ती वही जमा करायला आली. वर्गात मी एकटी होते. दोन्ही हातांनी वही दिली आणि म्हणाली, "बाई, जपून ठेवा हं, एवढीच आहे माझ्याकडे." दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस येणार होते.

मी तिच्या वहीची नाडी सोडली. काजाचं पान काढून माझ्या वहीत घातलं, माझं फाडून टाकलं. मनात होतं, तपासणी झाली की परत लावून टाकू, कोणाला कळणार आहे. तपासनिसांनी ते पान उजेडाकडे धरून बघितलं, मान डोलावली, आणि नेमका त्याच पानावर शिक्का मारून सही केली. आता ते परत कसं देणार? आणि काजाचं पान नसलेली वही डावरीला दिली तर ती विचारणारच, पान कुठं गेलं. म्हणून मी वहीच दिली नाही. तिला म्हटलं, तू वही जमा केलेलीच नाहीस, बसमधे विसरली असशील.

ती म्हणाली, मी दिली होती. मी म्हटलं, नीट आठव. त्याच वर्षी ती एकदा वर्गात छत्री विसरून गेली होती, ती छत्री मी सगळ्यांपुढे उकरून काढली. मुली हसल्या. मी दोन दिवस तेच तेच सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "बसमधेच राहिली असेल, बाई."

जी मुलगी प्रत्येक काजाला दोन आडवे टाके घालते ती आपली वही बसमधे विसरेल का, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं.

तिला परीक्षेला बसता आलं नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही. मी कायम झाले.

१२ मार्च, मंगळवार

कालचं पान काढून टाकावं असं सकाळपासून वाटतंय. पानं काढायचा अनुभव आहेच मला. पण नाही काढलं.

१५ मार्च, शुक्रवार

ह्यांची पँट दोन बोटं आखूड करायची आहे अशी सबब काढून त्या दुकानात गेले. मी, घरात दोन मशिनी असलेली बाई. ह्यांनी काही विचारलं नाही, पँट मात्र शोधून दिली.

तीच ती, डावरी. कानाजवळ केस पिकलेत, चष्मा लागलाय, पण मान तिरकी करून दोरा ओवायची लकब तशीच. मला बघून ताडकन उठली. स्टूल पुसलं, पुन्हा पुसलं, मग बसा म्हणाली. एका मशीनपुरतं दुकान, मागे पडदा, पडद्याआड घर. तिथे ती, तिची म्हातारी आई, आणि शिकायला आलेली भाची. दुकानाची किल्ली मापाच्या जुन्या टेपला बांधून गळ्यात अडकवलेली. मला गंमत वाटली.

पँट घेताना एक जाडजूड वही काढली. त्यात लिहिलं: पँट एक, रंग, कापड, कोणी दिली, तारीख. माझी सही घेतली, स्वतःची केली. मग एक चिठ्ठी फाडून अर्धी पँटला टाचली आणि अर्धी मला दिली. म्हटलं, एका पँटसाठी केवढी ही कारवाई. ती हसली. म्हणाली, माझ्या हाती दिलेली वस्तू हरवते हे तुमच्याएवढं कोणाला माहीत, म्हणून ही भानगड. मीही हसले. काय करणार?

निघताना ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, "बाई, एक सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा मी तुमच्या तोंडाला तोंड दिलं, वही दिलीय म्हणाले. तुम्हाला खोटं पाडलं. मनातून जात नाही ते. माफ करा."

मी म्हटलं, जाऊ दे गं, लहान होतीस.

म्हणजे तिनं माझी माफी मागितली आणि मी दिली.

तिला कपडे पोचवायला जायचं होतं म्हणून दोघी बरोबरच बाहेर पडलो. तिनं कुलूप लावलं, ओढून बघितलं. चार पावलं गेली, परत येऊन ओढलं. पुन्हा तसंच. तीनदा. धंद्यात एवढी शिस्त मी कुठं बघितली नाही. दुकान चालू आहे, गिऱ्हाईक आहे, डावरी खुशीत दिसली. जीव थोडा भांड्यात पडला. पास होऊन तरी आणखी काय मोठं केलं असतं तिनं?

१९ मार्च, मंगळवार

आज वर्गात धाकट्या डावरीला सांगितलं, डाव्या हातानं शिव. सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी भिंतीवर चालून दाखवलं. तीस वर्षांचा नियम मोडला तरी छत काही पडलं नाही.

तिनं लगेच दोन काजं केली आणि माझ्या पानाशेजारी धरून ओरडली की बाई, तुमची काजंपण माझ्यासारखी उलट्या कलाची आहेत. बाकीच्या आठ माना पुढे आल्या. म्हटलं, हो, तेव्हा माझा उजवा हात दुखावला होता, डाव्या हातानं केली. विचारही करावा लागला नाही, तयार शिवून ठेवल्यासारखं बाहेर पडलं. मुलींनी तोंडात बोटं घातली. एकीनं तर टाळी वाजवली.

२३ मार्च, शनिवार

पँट आणायला गेले. डावरी सुई-दोऱ्यांची खरेदी करायला गेली होती, दुकानात तिची आई बसलेली. ऐकायला कमी येतं म्हणून स्वतः मोठ्यानं बोलतात. मी कोण ते कळल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, बाई, तुमची वही हिनं हरवली, फार वाईट झालं हो. तुमची वही म्हणाल्या. जशी काही ती माझ्यासाठी केली होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहिते. वही गेल्यावर मायलेकी तीन दिवस शोधत फिरल्या. बस आगारात, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, एकेका वाहकाला गाठून. दुसऱ्या दिवशी आगाराच्या दारात आईनं चारचौघांत तिला मुस्काडीत मारली. त्यानंतर कितीतरी वर्षं घराची किल्ली तिच्या हाती दिली नाही. मोठी झाल्यावर गणवेशाच्या कारखान्यात तिला कापड खात्याची प्रमुख करत होते, ती नाही म्हणाली. एवढं कापड माझ्या ताब्यात नको, म्हणे. भाची जन्मली तेव्हा सहा महिने तिनं तिला कडेवर घेतली नाही. माझ्या हातून पडेल, म्हणे. "स्वभावच वेंधळा, त्याला कोण काय करणार," म्हातारी म्हणाली. "तुम्ही तरी किती शिकवणार?"

मला वाटायचं, मी तिचं एक प्रमाणपत्र घेतलं.

गळ्यातली किल्ली, चिठ्ठ्या, तीनदा ओढलेलं कुलूप. आणि मी त्याला शिस्त म्हणाले. लाज वाटते ते पान वाचायची.

उठून तशीच चालायला लागले. बसथांब्याशी मागून हाक आली, डावरी धावत येत होती. पँट मी दुकानातच विसरले होते. पँट माझ्या हातात देऊन, चिठ्ठीचे दोन तुकडे जुळवून बघून ती म्हणाली, "बाई, तुम्हीसुद्धा?" आणि इतकी खूष झाली.

२६ मार्च, मंगळवार

ह्यांना सांगितलं. सकाळी चहा घेताना, सगळं. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. रागावतील म्हणून मी तयारीत होते, तर विचारलं, ती वही कुठं आहे? म्हटलं, वरच्या फळीवर, जाड पांघरुणांच्या खाली, जुन्या अभ्र्यात. म्हणाले, तो अभ्रा दर हिवाळ्यात माझ्या हाताला लागतो, तुझ्या आईचं काही असेल म्हणून उघडला नाही.

मी म्हटलं, तिला सांगायचं ठरवलंय. तर म्हणाले, "सांगून कोणाला बरं वाटेल? तुला की तिला?"

मी चिडले. म्हटलं, तिला, अर्थात.

"मग समारंभाच्या आधी सांग."

मी म्हटलं, पत्रिका गेल्यात, पाहुणे ठरलेत, संस्थेची शोभा कशाला? समारंभ होऊ दे, मग निवांत सांगते. त्यांनी दोघांचे कप उचलले आणि विसळायला गेले.

२८ मार्च, गुरुवार

बसथांब्यापर्यंत गेले. दुकानात ती चेन बसवत होती, दातात टाचण्या धरून. दहा मिनिटं उभी राहिले आणि घरी आले.

३० मार्च, शनिवार

समारंभ झाला. खोली भरली होती, जिन्यातसुद्धा मुली उभ्या होत्या, काही तर आपल्या लेकी घेऊन आलेल्या. अध्यक्षबाई बोलल्या, तपासनिसांची जुनी सही दाखवली, सचोटी हा शब्द चारदा वापरला. मोजले मी. मला बोलायला उभं केलं तेव्हा वाटलं, आत्ता. तोंड उघडलं. म्हणाले, माझ्या मुलींनी मला खूप दिलं. टाळ्या पडल्या. बसले. माझ्यासारखी भित्री बाई मी दुसरी बघितली नाही.

खरं वाईट त्यानंतर झालं. भाचीबरोबर डावरी आली होती, इस्त्रीचे कपडे घालून, किल्ली आत कॉलरखाली. सगळे चहाला गेले आणि ती काचेच्या पेटीपाशी उभी राहिली. पेटीत वही उघडून ठेवलेली, काजाचं पान वर. ती वाकून बघत राहिली. म्हटलं, आता ओळखणार, आता मागे वळणार. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मला सांगावंच लागणार नव्हतं.

ती वळली. डोळे भरलेले. म्हणाली, "भाचीनं सांगितलं, उजवा हात दुखावलेला असताना केलीत तुम्ही ही. डाव्या हातानं इतकं सुरेख. आणि बघा ना बाई, शेवटाला दोन आडवे टाके. मला आपलं वाटायचं ही माझीच खोड. तुमचंच बघून लागली असणार."

तिच्या हातची काजं तिच्या डोळ्यांपुढे होती, आणि ती माझी आहेत असं ती मलाच पटवून देत होती. स्वतःच्या आठवणीवर भरवसाच ठेवायचा नाही, हे मी तिला तीन दिवसांत शिकवलं होतं. तीस वर्षांत माझं एवढं चोख शिकवणं दुसरं नाही.

मी मान हलवली. हो म्हणून.

ह्यांनी लांबून बघितलं. घरी येताना ते चार पावलं पुढे चालत होते.

३१ मार्च, रविवार

नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी संस्थेत गेले. सुट्टी होती, पण पहारेकऱ्यानं दार उघडलं, पेटीची किल्लीही दिली. बाईंचीच वही, म्हणाला. नाडी सोडली आणि काजाचं पान काढलं. दुसऱ्यांदा तेच पान. नाडी बांधून वही होती तशी त्याच जागी उघडी ठेवली. अध्यक्षबाईंच्या नावे पत्र ठेवलं: मी काय केलं, पान कोणाचं आहे, आणि परीक्षा मंडळाला त्यांनी काय कळवावं. पत्र चार वेळा लिहिलं. शेवटच्या खेपेला त्यातून ह्यांच्या बंद कारखान्याचा उल्लेख गाळला.

घरी आले तर ह्यांनी अभ्रा काढून, झटकून टेबलावर ठेवला होता. बरोबर येऊ का म्हणाले. नको म्हटलं.

दुकानात डावरी कोटाचं अस्तर उसवत होती, भाची मशीनला तेल घालत होती, म्हातारी पडद्याआड पलंगावर. मी अभ्रा टेबलावर ठेवला. तिचा हात सवयीनं नोंदवहीकडे गेला. "काय लिहू? अभ्रा एक?"

म्हटलं, आधी उघड.

तिनं उघडला. वहीच्या पुठ्ठ्यावर तिचं नाव, तिच्याच गोल अक्षरात. बराच वेळ ती नावाकडेच बघत राहिली. मग एकेक पान उलटलं. तुरपाई, चुण्या, खिसा, रफू. रफूनंतर थांबली, बोट घालून मधली जागा चाचपली. मी पिशवीतून काजाचं पान काढून तिथं ठेवलं.

"तू वही दिली होतीस. सोमवारी संध्याकाळी, माझ्या हातात. मी हे पान काढून घेतलं आणि तुला खोटं सांगितलं."

ती पानाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"म्हणजे मी दिली होती?"

"हो."

"बसमधे नाही राहिली?"

"नाही."

"मी दिली होती," ती म्हणाली. या वेळी विचारलं नाही.

मग ती पडदा सारून आत गेली. मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "आई, मी वही दिली होती." म्हातारीनं काय म्हणून विचारलं. ती मोठ्यानं म्हणाली, "वही. हरवली नव्हती. मी दिली होती गं." तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चिरकला. मग म्हातारीचा आवाज, पहिल्यांदाच हळू: "मग आपण तीन दिवस काय शोधत होतो?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि मी ते द्यायला आत गेले नाही.

धाकटी माझ्याकडे बघत होती. तेलाची बाटली हातात तशीच. माझ्यासाठी ओढलेलं स्टूल पुढ्यात होतं, मी बसले नाही.

डावरी बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मी म्हटलं, मला माफ कर. म्हणण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. ती खुर्चीत बसली, नोंदवही पुढे ओढली, टोपण काढलं, डाव्या हातात पेन धरलं.

"ते बघू मग. आधी नोंद," ती म्हणाली.

तिनं लिहिलं. नमुना वही, एक. काजाचं पान, सुटं, एक. आणून देणार: बाई. मिळालं म्हणून स्वतःची सही केली आणि वही माझ्याकडे फिरवली. "सही करा. दिल्याची."

मी केली. माझ्या बोटांच्या घामानं कागद ओला झाला, तिथं शाई पसरली. तिनं वर फुंकर घातली, वाळू दिली, मग चिठ्ठी फाडून अर्धी वहीला टाचली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, मला कशाला? मी काही परत न्यायला येणार नाही.

"असू दे, बाई," ती म्हणाली. "ज्यानं वस्तू दिली त्याच्या हातात कागद असायला हवा."

चिठ्ठी या पानाला टाचणीनं लावली आहे. परत न्यायच्या तारखेच्या जागी तिनं आडवी रेघ मारली आहे. एक नाही, दोन.